आण्णांचा टोपीवाला

आमच्या शाळेत नवा माणूस आला की माने आण्णा त्याला गाव विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, मुलंबाळं किती तेही विचारत नाहीत. पाण्याचा तांब्या पुढं सरकवतात आणि म्हणतात, "तुमी कशातनं उघडता?"

समोरचा गोंधळतो. काय उघडायचं? कुलूप? डबा? मग आण्णा टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवतात. "इंटरनेट हो. बराउजर कुठला वापरता?"

गेल्या साली तपासणीला मोठे साहेब आले होते. हेडबाईंनी गुच्छ दिला, कांदेपोहे झाले, चहा झाला. साहेबांनी सहज विचारलं, "ही सगळी माहिती पोर्टलवर भरलीय ना?" आण्णा उठून उभे राहिले. म्हणाले, "भरली की. पर सायेब, तुमी कशातनं बघनार, त्याच्यावर हाय सगळं." साहेब म्हणाले, "म्हणजे?" झालं. हे 'म्हणजे' आण्णांच्या समोर कधी म्हणायचं नसतं. पुढची वीस मिनिटं साहेब चमच्यानं कपाची कड वाजवत बसले होते. शेवटी त्यांनी शेरेबुकात 'कार्यालयीन कामकाज समाधानकारक' असं लिहिलं आणि वर्ग न बघताच गाडीत बसले. आण्णांची अजून समजूत आहे की साहेबांना त्यांचं म्हणणं पटलं.

मी रहिमतपूरच्या या शाळेत गणित शिकवतो. मूळचा आष्ट्याचा. इथं आलो तेव्हा उत्साही होतो. त्या उत्साहाच्या भरात एकदा ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला, आणि तेवढ्यावर शाळेचं सगळं ऑनलाइन काम माझ्या गळ्यात आलं. मुलांची माहिती, शिक्षकांची माहिती, खिचडीची माहिती, संडास-मुताऱ्यांचे फोटो, झाडांचे फोटो, झाडं लावतानाचे फोटो. सकाळी भरलेलं दुपारी पुन्हा मागतात. ओटीपी हेडबाईंच्या मोबाइलवर येतो आणि हेडबाई नेमक्या तेव्हाच वर्गावर असतात. मी जिन्यावरून पळत जातो, आकडे पाठ करत पळत येतो, तोवर मुदत संपलेली असते. असली दहा-अकरा वर्षं काढली की माणूस गणिताचा राहत नाही आणि कशाचाच राहत नाही.

आण्णा आमचे हेडक्लार्क. नोकरीची दोन वर्षं उरलेली. अंगानं काटकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर त्यांच्या हातचं आहे. एवढं वळणदार अक्षर की जन्मतारखेचा दाखला न्यायला आलेले लोक दाखल्याचा फोटो काढतात. असा माणूस कॉम्प्युटरला घाबरेल असं वाटलं होतं. आण्णा घाबरले नाहीत. ते त्यात शिरले आणि आवडीनिवडी करू लागले.

कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक ब्राउझरला त्यांनी चित्र बघून नाव दिलं होतं. सगळं जग वापरतं ती गोल रंगीत चकती म्हणजे भिंगरी. नारिंगी शेपटीवाला तो कोल्हा. निळ्या लाटेसारखा दिसणारा, आपोआप आलेला, तो भोवरा.

"भिंगरी वाईट न्हाई," आण्णा सांगायचे. "पळती. पर लय आगाव. तुमी दोन अक्षरं टायपा, ती म्होरलं वाक्य आपल्या मनानं पुरं करती. आरं, मला काय पायजे ते मला तरी ठरवू दे की! आन् मशीनची सगळी मेमरी एकटी खाती. आयका, पंखा कसा धापा टाकतोय."

"आणि भोवरा?"

"त्यो कंत्राटी मानूस. रोज सकाळी हात जोडून उभा. मला कायम करा, मला कायम करा."

दहा वर्षं अर्धपगारी राबलेला आमचा चित्रकलेचा मास्तर हे ऐकून खाली मान घालून हसला होता.

कोल्ह्याबद्दल त्यांना आदर होता. "शिस्तीचा हाय. कुनाच्या घरात डोकावत न्हाई. पर गर्दीत त्याला कुनी वळख देत न्हाई." हे बोलताना त्यांचा आवाज असा उतरायचा की कोल्हा म्हणजे त्यांचा एखादा बढती हुकलेला मित्र असावा.

पण आण्णांचा खरा जीव होता तो चौथ्यावर. त्याचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कुठं वाचलं नाही. कुठल्या देशातनं आला होता देव जाणे. चित्र म्हणजे एक हिरवी टोपी, जराशी कलती. म्हणून त्याचं नाव टोपीवाला. तो उघडायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात हजेरीपत्रकाची एक बाजू भरून व्हायची. उघडला की अक्षरं आधी यायची, चित्रं मागून यायची, काही यायचीच नाहीत.

"सावकाश हाय, पर इमानदार हाय," आण्णा म्हणायचे.

"आण्णा, इमानाचं काय त्यात? उघडतच नाही."

"उघडंल की. तुमाला कुटं जायाचंय?"

मला खरंच कुठं जायचं नसायचं. तरी चिडायला व्हायचं. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "मास्तर, तुमचा आवडता कुठला?"

"जो उघडेल तो."

आण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "आवडनिवड न्हाई व्हय तुमाला? ह्ये लय वाईट बगा." आणि खरंच काळजीनं माझ्याकडं बघत राहिले, एखाद्याचा ताप उतरत नसल्यासारखे.

पुढं परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले. शेवटच्या दिवशी दुपारी नऊ मुलांचे फॉर्म राहिले होते. साइटवर गर्दी. मी नववीच्या तासावर, आणि कॉम्प्युटरवर आण्णा. त्यांनी नऊच्या नऊ फॉर्म टोपीवाल्यातनं भरले. शेवटचं बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला. पुन्हा भरले. पुन्हा पांढरा. मी तास संपवून खाली आलो तर साडेचार वाजलेले, नऊ मुलांचे आईबाप व्हरांड्यात उभे, एक बाई पदरानं डोळे पुसतेय, आणि आमच्या हेडबाई, जगताप बाई, दारात कंबरेवर हात ठेवून.

"माने, भिंगरी का काय ते, त्यातनं भरा!"

"बाई, जरा थांबा, त्यो वाट बघाय लावतो, पर..."

"उठा!" बाई ओरडल्या. सगळ्या आईबापांसमोर. आण्णा उठले.

मी बसलो. भिंगरीनं अर्ध्या तासात नऊ फॉर्म गिळले. आईबाप घरी गेले. बाई मला म्हणाल्या, "ते हिरवं भूत आत्ताच्या आत्ता काढून टाका. पुन्हा ते मला या मशीनवर दिसता कामा नये."

मी काढलं. दमलो होतो, डोकं ठणकत होतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरंही वाटत होतं. आता लागलाच हात तर सफाई करू, म्हणून 'जुने' नावाचं एक फोल्डर दिसलं तेही उडवलं. त्यात तीन-चार फाइली होत्या. नावंसुद्धा वाचली नाहीत. उडवलं ते असं की पुन्हा मिळू नये.

आण्णा खिडकीशी उभे राहून मैदानाकडं बघत होते. दुसऱ्या दिवसापासनं भिंगरीत काम करू लागले. मला वाटलं, सुटलो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले. हातात पेनड्राइव्ह.

"मास्तर, हापिसातल्या मशीनवर 'जुने' म्हनून एक हुतं..."

"ते उडवलं मी आण्णा. तेव्हाच. का?"

"न्हाई, टोपीवाल्याची जुनी फाइल हुती त्यात. टाकायची हुती परत."

"कशाला आता? नवी आली असेल की. उतरवून घेऊ."

"नवी नगं," आण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "बरं." पेनड्राइव्हला टोपण लावलं, खिशात टाकला आणि जागेवर जाऊन बसले.

त्यानंतर आण्णा गप्प झाले. ऑफिसात नवा शिपाई आला, त्याला त्यांनी काहीच विचारलं नाही. पाण्याचा तांब्या सरकवला, बस. भिंगरीचा पंखा धापा टाकत होता, तरी त्यांनी तिला शिव्या दिल्या नाहीत. जी शांतता मी वर्षानुवर्षं मागत होतो ती मिळाली होती, आणि ती ऐकवत नव्हती. दोन दिवस मी घरी बसून त्या जुन्या टोपीवाल्याचा शोध घेतला. त्याच्या साइटवर नवा होता. जुने सगळे काढून टाकलेले. असंच होतं. नवं आलं की जुनं ठेवायला कुणाकडं जागा नसते.

एका शनिवारी आण्णा शाळेत आले नाहीत. दाखल्यांच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडं, आणि एका मुलीचा दाखला त्याच दिवशी द्यायचा होता. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओढ्याकडच्या आळीत दोन खोल्यांचं घर, दार उघडं. बाहेरच्या सोप्यात खाटेवर एक बाई बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, दाराकडं तोंड करून.

"कोन?" त्या म्हणाल्या. "पावलं नवी हायती."

मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडं बघितलं. तेव्हा कळलं.

"या की मास्तर, बसा. हे साताऱ्याला गेल्यात. येतील येवढ्यात. च्या करून दिला असता, पर मी सैपाकघरात जात न्हाई आता. साखरंनं डोळं न्हेलं माजं. दीड वरीस झालं."

आण्णांनी शाळेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून रोज डबा खात होतो. डब्यातली भाजी करपलेली, पोळी वातड, हे बघत होतो. त्यांच्या घरच्या काकींचा हात वयानं बिघडला असेल, असं समजलो होतो.

"साताऱ्याला काय काढलं?"

"ते मशीन घिऊन गेल्यात. कुनीतरी दुरुस्तीवाला हाय म्हनं, जुनं परत घालून देतो म्हनला." काकी हसल्या. "तुमाला ठावं असंल की. तो टोपीवाला."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"डोळं गेलं तवा मी बोलायचीच बंद झालती. काय बोलायचं? दिवसभर ह्या खाटंवर. ह्यास्नी वाटलं, हिला काय वाचून दाखवावं. पर ह्यास्नी घरात मोठ्यानं वाचायची लाज वाटती. मग कुनाचं तरी जुनं मशीन आनलं. म्हनलं, हे वाचतंय. भिंगरी लावली, कोल्हा लावला, काय काय लावलं. सगळं आपलं ठीक. बातम्या वाचल्यागत. मग एक दिस त्यो टोपीवाला लावला. त्यात वाचनारी एक बाई. हिंदीवाली असंल. तिला ळ म्हनायलाच येत न्हाई. ह्यांनी पुरनपोळीची कृती लावलीवती. आन् ती बया म्हनती..." काकींनी ताठ बसून एका सुरात म्हणून दाखवलं, "'एक फेब्रुवारी वाटी हरबऱ्याची डाड घ्या.'"

"एक फेब्रुवारी?"

"आवं, एक भागिले दोन लिवलेलं! अर्दी वाटी! तिला वाटली तारीख. 'एक एप्रिल चमचा हडद.'" आणि काकी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मीही हसलो. खूप दिवसांनी, पोटातून.

"तवापास्नं हे त्याच्याच नादाला. रोज दिवेलागनीला एक कृती. म्हनायचं, ह्यानं घरात उपकार केल्यात, म्हनून हापिसातबी त्याला खुर्ची दिली म्या. आता त्यो मेला सुदारला. आपोआप नवा झाला. अर्दी वाटी म्हनतोय, डाळ म्हनतोय. हे कसं रडकुंडीला आल्यात बगा."

मी म्हणालो, "काकी, जुनी फाइल मी उडवली. शाळेतली. मला माहीत नव्हतं."

त्या माझ्याकडं सरकल्या. मग माझा हात चाचपून त्यावर थोपटलं. "असूं द्या. एक सांगू? त्यास्नी सांगू नगासा. मी त्या बयेला हसतच न्हवती. पयल्या दिशी हसली असंल. पर ती रोज तेच म्हनती, किती हसायचं? हे शेजारी खुर्चीत बसायचं. माज्याम्होरं हसायचं न्हाई म्हनून दाबून धरायचं, आन् खुर्ची गदगदा हलायची. मला दिसत न्हाई, पर खुर्ची ऐकू येती की. त्याचं हसू यायचं मला."

बाहेर चप्पल वाजली. आण्णा आले. काखेत लॅपटॉपची पिशवी, शर्टाची इस्त्री मोडलेली. मला बघून दचकले, मग काकींकडं बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना सगळं समजलं असावं. नुसतं म्हणाले, "न्हाई झालं. तो म्हनला, एवढं जुनं आता कुटंच मिळायचं न्हाई."

"न्हाई तर न्हाई," काकी म्हणाल्या. "तुमी वाचा."

"म्या?"

"मग काय मास्तर वाचत्यात? वाचा. आजची कृती कुठली हाय?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्यांनी लॅपटॉप उघडला, घसा साफ केला, आणि वाचू लागले. तीस वर्षं स्टाफरूममध्ये परिपत्रकं वाचलेला माणूस. त्यांना दुसरा सूर माहीतच नव्हता.

"कटाची आमटी व पुरन. साहित्य. एक, हरबऱ्याची डाळ. दोन, गूळ. तीन, वेलदोडे. कृती. सर्वप्रथम डाळ स्वच्छ धुवून घ्यावी. तदनंतर डाळ व गूळ एकत्र करून सदर मिश्रन मंद आचेवर शिजत ठेवावे."

"थांबा," काकी म्हणाल्या. "सदर न्हवं, काय म्हनला? गूळ आदी?"

"आसं लिवलंय."

"कुनी लिवलंय? डाळ शिजायच्या आदी गूळ घातला तर ती जन्मात मऊ व्हईल का? दाताखाली खडं येतील!"

"आगं, हितं छापलंय. म्या काय मनचं सांगतोय?"

"छापलं म्हनून काय झालं! आसलं लोकांस्नी सांगायचं? किती घरात आज पुरनाचं वाटोळं झालं असंल." काकींचा आवाज चढला होता, गाल तांबडे झाले होते. आणि बोलता बोलता त्या खाटेवरनं उठून उभ्या राहिल्या. "ऱ्हावा. दावती मी."

आण्णांनी लॅपटॉप मांडीवरून कसाबसा खाली ठेवला. काकी भिंतीला हात लावून चालायला लागल्या होत्या. एक पाऊल, मग दुसरं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पायाच्या बोटांनी चाचपलं आणि आत गेल्या.

"डाळीचा डबा कुठं ठिवलायसा?"

"हाय तिथंच," आण्णा म्हणाले. "तू ठिवलावता तिथंच. म्या काय हलवलं न्हाई. वापरला की परत तितंच ठिवतो."

मी सोप्यातनं बघत होतो. तीन फळ्या, डब्यांच्या तीन ओळी, प्रत्येक डब्याचं तोंड एका बाजूला. काकींनी मधल्या फळीवर हात नेला, उजवीकडनं दुसरा डबा धरला, हलवून आवाज ऐकला आणि मान डोलावली. आण्णा त्यांच्या मागं उभे होते. दोन्ही हात त्यांनी काकींच्या खांद्यांच्या दोन बाजूंना धरले होते, वीतभर अंतरावर, न लावता. काकी वळल्या की ते हातही वळायचे.